काचेच्या पेटीबाहेरचे आईबाप

9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष कक्षाला आग लागली. आत 17 बाळे होती. 7 वाचली, 10 गेली. तिघांचा जीव भाजून गेला आणि सात जण धुराने गुदमरले, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. पुढे चौकशी झाली, निलंबने झाली, राज्यभरच्या रुग्णालयांत आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी सुरू झाली. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण त्या दिवसांतली एक गोष्ट चर्चेत मागे पडली. गेलेल्या बाळांची ओळख सांगितली जात होती ती आईच्या नावाने आणि गावाच्या नावाने. ज्यांच्या नावाने ही बाळे नोंदली गेली, ते आईबाप स्वतः कक्षाच्या दाराबाहेरचे होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वाचवायचे तर आईबापांना त्याच्यापासून दूर ठेवावेच लागते, ही समजूत वैद्यकाने सिद्ध केलेली नाही. ती रुग्णालयांची जुनी सवय आहे, आणि तिचा इतिहास तपासला तर ती मोडायला हरकत नाही असे दिसते.

भंडाऱ्याच्या परिसरात, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गावांत बाळंतपण घरी व्हायचे, तेव्हा सातव्या महिन्यात झालेले बाळही आईजवळच असे. बंद खोली, शेगडी, कापसात गुंडाळलेले अंग, बोंडल्याने थेंबथेंब पाजलेले दूध, असे त्याचे उपचार. सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, असे लोक मानत. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे चरकसंहिता सांगते, आणि आठमाशी बाळाची हीच भीती जुन्या ग्रीक वैद्यांनाही होती. प्रत्यक्षात पोटात जितके दिवस जास्त, तितकी जगण्याची शक्यता जास्त. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. अशी कितीतरी बाळे ऊब, दूध आणि श्वास यांतले काहीतरी कमी पडून जात. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने बाप तर तेव्हाही दूरच असे. आई मात्र बाजूला काढली जात नव्हती.

ती बाजूला कशी गेली, हे पॅरिसपासून पाहावे लागते. 1880 च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून बाळांसाठी उबदार पेटी करवून घेतली, आणि दोन किलोंहून हलक्या बाळांचे मृत्यू 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आले. त्याचा शिष्य पिएर ब्यूदँ याने मात्र एक धोका ओळखला: ज्या आईला बाळाला पाजता येत नाही, सांभाळता येत नाही, तिचे मन हळूहळू त्या बाळातून निघते. म्हणून आईला जवळ ठेवा, तिचे दूध टिकवा, असा त्याचा आग्रह होता. जगाने पेटी घेतली आणि आग्रह सोडला. अमेरिकेत मार्टिन कूनी याने 1903 पासून चाळीस वर्षे कोनी आयलंडच्या जत्रेत अशी बाळे पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवली. त्याने अनेकांचे प्राण वाचवले हे खरे, पण तिथे आईपेक्षा प्रेक्षकच बाळाच्या जवळ असे. पुढे जंतुसंसर्गाच्या धास्तीने रुग्णालयांनी दारे आणखी घट्ट केली, आणि आई काचेपलीकडून पाहणारी पाहुणी झाली.

ही रचना आपल्याकडे आयती आली. 2003 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात जिल्हा पातळीवरचा पहिला नवजात शिशु कक्ष उभा राहिला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तो नमुना देशभर नेला, आणि 2011 पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचा उपचार मोफत झाला. शेतमजुराच्या दीड किलोच्या बाळाला वॉर्मर, ऑक्सिजन आणि प्रशिक्षित परिचारिका मिळू लागली, ही या देशाच्या सार्वजनिक आरोग्यातली मोठी कमाई आहे. पण या कक्षांत आणखी एक विभागणी असते: याच रुग्णालयात जन्मलेली बाळे एका खोलीत, बाहेरून आणलेली दुसऱ्या खोलीत. भंडाऱ्यात गेलेली दहाही बाळे या दुसऱ्या खोलीतली होती. आई लाखांदूर किंवा तुमसर अशा तालुक्याच्या गावी खाटेवर आणि बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी, ही ताटातूट याच खोलीच्या वाट्याला सर्वाधिक येते.

यावर पहिला आक्षेप संसर्गाचा, आणि तो गंभीर आहे. पण त्याची परीक्षा झालेली आहे. 1960 च्या दशकात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना कक्षात येऊन बाळाला हात लावू दिला. संसर्ग वाढला नाही. 1978 मध्ये बोगोटात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आपण त्याला कांगारू पद्धत म्हणतो. सर्वांत भक्कम पुरावा आला तो भंडाऱ्याच्या आगीनंतर पाचच महिन्यांच्या आत. भारतासह पाच देशांतल्या 3,211 बाळांवरच्या, मे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1 ते 1.8 किलोंच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवले गेले. 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांऐवजी 12 टक्के झाले, आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाची संशयित प्रकरणेही घटली. म्हणजे ज्या भीतीने आईला बाहेर ठेवले, त्या भीतीवरचा उपाय आईच होती.

खेड्यातल्या, कमी शिकलेल्या आईबापांना हे जमेल का, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर लाखांदूरला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्याने दिले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिथे हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर सुमारे 25 वर आला, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे मांडले. आज आशाताई घरोघर जातात त्याचे मूळ तिथे आहे.

आईबाप आत असते तर आग लागली नसती, असे मी म्हणत नाही. आगीचा प्रश्न विजेच्या भाराचा, धूर ओळखणाऱ्या यंत्रांचा आणि रात्रपाळीच्या मनुष्यबळाचा आहे; तो आईबापांच्या खांद्यावर टाकणे हा अन्याय होईल. मुद्दा रोजच्या उपचाराचा आहे. केंद्र सरकारने 2017 मध्येच कुटुंबाला काळजीत सामील करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बापही येतो, कारण कांगारू पद्धतीला त्याचीही छाती चालते. अडते ते पोटापाण्यापाशी. धानकापणीच्या हंगामात रोजीवर जाणारा बाप तीन आठवडे जिल्ह्याच्या गावी राहिला तर त्याची मजुरी कोण देणार? सिझेरियन झालेल्या आईला बाळाशेजारी खाट, दोन वेळचे जेवण आणि लाखांदूरहून तिला बाळासोबत आणणारी रुग्णवाहिका मिळाली नाही, तर कक्षाचे दार उघडे ठेवूनही ती आत येणार कशी? वॉर्मरची खरेदी अंदाजपत्रकात जशी बसते, तशी ही खाट आणि ही मजुरी उपचाराचा खर्च म्हणून तिथे बसायला हवी.