महादजींना कारभाराचा अनुभव किती होता?



आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आजच्या एका प्रश्नापासून करतो. मी नोएडात राहतो. सैन्यातून बाहेर पडणारे तरुण अधिकारी बायोडेटा घेऊन माझ्याकडे येतात. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची दहा किंवा चौदा वर्षं झालेली, वय पस्तिशीच्या आसपास, घरी लहान मुलं, डोक्यावर घराचा हप्ता. गुरुग्राममध्ये मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत देतात आणि एकच प्रश्न ऐकून परत येतात : "मॅनेजमेंटचा अनुभव किती?" जागा मिळाल्याशिवाय अनुभव येत नाही आणि अनुभवाशिवाय जागा मिळत नाही.

याच दिल्लीच्या परिसरात, १७८४ साली, एका मराठी माणसाच्या हाती हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी कारभाराची जागा आली. त्याचं तोवरचं आयुष्य घोड्यावर गेलं होतं. नाव महादजी शिंदे. लोक त्यांना पाटीलबाबा म्हणत.

आधी त्यांचा बायोडेटा पाहू. थोरले भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. ती बुराडी म्हणजे आजच्या उत्तर दिल्लीतली दाट वस्तीची बुराडी. पुढच्या वर्षी पानिपतावर पुतण्या जनकोजी गेला. महादजी स्वतः तिथं पायाला जबर जखमी झाले आणि जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या पखालीवाल्या भिस्त्यानं त्यांना वाचवून दक्षिणेत आणलं. एवढं सोसूनही शिंद्यांची सरदारी सहज मिळाली नाही. पेशव्यांकडून ती कायम व्हायला १७६८ साल उजाडलं.

१७८२ मध्ये मोगल बादशाही सांभाळणारा मिर्झा नजफखान वारला. त्याचे सरदार एकमेकांच्या जिवावर उठले. दोन वर्षांत त्यांच्यापैकी दोघांचे खून झाले. शेवटी बादशहा शाह आलमनं महादजींना बोलावलं. डिसेंबर १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे 'वकील-इ-मुतलक' हे पद दिलं गेलं आणि त्यांचे नायब म्हणून सगळा अधिकार महादजींकडे आला. फौज आणि महसूल, दोन्ही एका हाती. आजच्या भाषेत सांगायचं तर मालक दोन, एक दिल्लीत आणि एक पुण्यात, आणि कामाची जबाबदारी एकट्यावर.

अनुभव होता का? होता, पण त्या नावाचा नव्हता. दोनच वर्षं आधी, मे १७८२ मध्ये, सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये जामीन राहिले ते महादजीच. दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असा माणूस होणं ही व्यवस्थापनाचीच कसोटी असते. हजारो घोड्यांची वैरण, माणसांचं धान्य, नदीचे उतार, सावकारांची देणी हे सगळं त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं.

मग कमी काय पडलं? इथं माझ्या फौजी मित्रांनी नीट ऐकावं. सैन्यात आम्ही माणसं सांभाळायला शिकतो, पण पगाराचा पैसा कुठून येतो याची चिंता कधी करत नाही. अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्या लेखा कार्यालयातून महिन्याच्या महिन्याला येतो. कॅन्टीनचा, मेसचा हिशेब आम्ही ठेवतो. कमाई मात्र आम्हाला करावी लागत नाही. महादजींना नव्या जागेवर नेमकी तीच करावी लागली. बादशहाच्या खासगी खर्चासाठी दरमहा ६५,००० रुपये द्यायचं ठरलं होतं. मोगल पलटणींचा पगार थकलेला. खजिना रिकामा.

त्यांनी काय केलं? मोगल अमीर-उमरावांच्या जहागिरींची चौकशी लावली आणि बऱ्याच जप्त केल्या. जयपूरकडे थकलेल्या खंडणीचा तगादा लावला. कागदावर दोन्ही गोष्टी रास्त होत्या. पण नव्या साहेबानं आल्या आल्या जुन्या लोकांच्या ताटात हात घातला की दरबार त्याच्या विरोधात जातो. जुलै १७८७ मध्ये लालसोटजवळ जयपूरच्या फौजेशी गाठ पडली. मोगल सरदार महंमद बेग हमदानी आधीच शत्रूला मिळाला होता. लढाईनंतर पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसकट पलीकडे गेल्या. महादजींना चंबळकडे माघार घ्यावी लागली.

या माघारीची किंमत दिल्लीनं मोजली. १७८८ च्या उन्हाळ्यात रोहिला गुलाम कादिर लाल किल्ल्यात शिरला आणि ऑगस्टमध्ये त्यानं बादशहाचे डोळे काढले. कारभार कोसळला की त्याची शिक्षा कुणाला होते, हे यावरून कळावं.

आता महादजी कसे सावरले ते पाहू, कारण नोकरी शोधणाऱ्यांच्या कामाचा भाग हाच आहे.

पहिली गोष्ट माणसांची. दिल्ली सोडवायला फौज गेली तिचा सेनापती होता राणेखान, तोच भिस्ती. त्याच काळात आग्र्याचा किल्ला लढवला लखबादादा लाड यांनी. ते कारकुनीतून वर आलेले. महादजींनी माणसाचा जुना हुद्दा न बघता त्याचं काम बघितलं.

दुसरी, आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस आणणं. कवायती पायदळ उभं करण्याचं काम त्यांनी सॅव्हॉयच्या डी बॉइनला दिलं होतं. लालसोटनंतर त्याच्या पलटणी फुटल्या नाहीत.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. डी बॉइनच्या फौजेचा पगार दरबाराच्या मर्जीवर न ठेवता महादजींनी त्याला अलीगढच्या बाजूचा दुआबातला मुलूख लावून दिला. वसूल तिथूनच व्हायचा आणि पगार त्यातूनच द्यायचा. तारीख चुकेनाशी झाली. त्याच फौजेनं १७९० मध्ये पाटण आणि मेडता जिंकलं. लालसोटला पाटीलबाबांचं शौर्य कमी पडलं नव्हतं आणि मेडत्याला ते वाढलंही नव्हतं. मधल्या तीन वर्षांत पगाराची सोय बदलली होती.

म्हणून मुलाखतीला निघालेल्या मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. इंजिनीअर असाल, शिक्षक असाल, तरी त्या लागू पडतात.

एक : अनुभव शून्य आहे असं म्हणू नका. किती माणसं, किती गाड्या, किती सामान तुमच्या सहीवर होतं ते आकड्यांत सांगा. 'कंपनी कमांडर' हा शब्द समोरच्याला कळत नाही. "शंभरावर माणसांचं काम, रजा, शिस्त आणि घरच्या अडचणी मी पाहिल्या" हे कळतं.

दोन : पैशाचं अज्ञान आधी भरून काढा. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांना आयआयएमसारख्या संस्थांत सुमारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम करू देतं. तिथं मार्केटिंगच्या झगमगाटापेक्षा ताळेबंद वाचायला शिका.

तीन : जागा मिळाली की पहिल्या महिन्यात कुणाच्या जहागिरी जप्त करू नका. पगार, बिलं, थकबाकी कुठं अडते ते आधी शोधा.

बारा फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. तिथं त्यांची छत्री आहे. पुण्याला गेलात तर जरूर पाहा. आणि मुलाखतीत कुणी अनुभव विचारला, तर उत्तर देऊन झाल्यावर तुम्हीही नम्रपणे एक प्रश्न विचारा : "माझ्या हाताखालच्या लोकांचा पगार वेळेवर होतो ना?" हा प्रश्न विचारणारा माणूस नवखा वाटत नाही.

जय हिंद.