मोजलेले अंतर, न मोजलेली वाट

हीरक महोत्सवानिमित्त शाळेचे जुने दप्तर लावताना पहिल्या काही वर्षांचे प्रवेशअर्ज हाती आले. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मांडवी... बहुतेक पत्ते चालत येण्याजोगे. आज त्याच गल्ल्यांतील मुले व्हॅनमधून उतरतात आणि मागच्या अंगणातील सायकलस्टँडवर आम्हा शिक्षकांच्या स्कूटर उभ्या असतात.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. शाळा सक्तीची करायची तर ती बालकाच्या पावलांच्या आवाक्यात हवी, हे ओघाने आलेच. आपली शाळा उभी राहत होती त्याच सुमारास कोठारी आयोगाने (१९६४–६६) परिसरशाळेचा आग्रह धरला. पुढे शिक्षणहक्क कायदा आला आणि २०१० च्या केंद्रीय नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अशी मर्यादा घातली. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली आणि जेथे माध्यमिक शाळा दूर होती, तेथेच तिचा गुण अधिक आला. अंतराचा विचार आपल्याकडे असा सातत्याने झाला. त्या एका किलोमीटरात ओलांडण्याचे चौक किती, पदपथ आहे की नाही, हे मोजण्याची रीत मात्र पडली नाही.

नेदरलँड्स हा मुळातच सायकलींचा देश, अशी आपली समजूत असते. मीही वर्गात तसेच सांगत असे. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी अशाच अपघातात गेली. त्याने १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. तेच एका चळवळीचे नाव झाले. पालक रस्त्यावर उतरले, मुलांनी आपल्या गल्ल्या वाहनांना बंद केल्या. १९७६ मध्ये तेथील कायद्याने निवासी गल्ल्यांचा एक नवा प्रकार मान्य केला: वाहनाने माणसाच्या चालीने जावे, मुलांना रस्त्यावर खेळण्याची मुभा असावी. मुलांना घरात ठेवा, असे त्या पालकांनी म्हटले नाही.

हे लिहिताना संकोच वाटतो, कारण मी नेमके तेच म्हटले होते. काही वर्षांपूर्वी सातवीतील एका विद्यार्थ्याला फाटकापुढच्या चौकात टेम्पोची धडक बसली. पाय मोडला, जीव वाचला. दुसऱ्याच दिवशी माझ्या सहीने परिपत्रक निघाले: पाल्यास सायकलवरून पाठवू नये. एकाही पालकाने हरकत घेतली नाही; उलट आभाराचे फोन आले. त्यानंतर फाटकाशी व्हॅन, रिक्षा आणि पालकांच्या दुचाकी यांची जी दाटी झाली, तिच्यातून वाट काढणे पायी येणाऱ्या उरल्यासुरल्या मुलांना अधिकच कठीण झाले. ती मुले बहुधा अशा घरांतली होती, ज्यांना व्हॅनचे शुल्क परवडत नव्हते. हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली.

या वर्षी ते परिपत्रक मागे घेतले आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा अर्धा तास समोरची गल्ली वाहनांना बंद असते. व्हॅन देवळापाशी थांबतात, तेथून मुले शिक्षकांसोबत चालत येतात. व्हॅनवाल्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि काही पालकांचाही नाही. सायकलस्टँडच्या एका बाजूच्या स्कूटर हलवल्या. गेल्या सोमवारी तेथे एकोणीस सायकली होत्या. चौकातील पांढरे पट्टे पुसले गेले आहेत. ते पुन्हा रंगवावेत, यासाठी तिसरा अर्ज दिला आहे. तोवर गल्लीच्या तोंडाशी सकाळी उभे राहण्यासाठी मोठी माणसे हवी आहेत. जवळपास राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.