कोंफीचे भांडे

नैर्ऋत्य फ्रान्समधील गॅस्कनी, पेरिगोर या भागांत मांस टिकवण्यासाठी वापरले जाणारे दोन कानांचे, झिलईदार मातीचे भांडे. फ्रेंच नाव ‘पो आ कोंफी’. आज जुन्या बाजारात दिसणारी बहुतेक भांडी एकोणिसाव्या शतकातील असतात. आतून आणि बाहेरून वरच्या अर्ध्या भागाला पिवळी किंवा हिरवी शिसेयुक्त झिलई असते. हिरवा रंग तांब्याच्या ऑक्साइडमुळे येतो. खालचा भाग कोराच ठेवत. भांडे तळघरातील गार जमिनीत वा वाळूत अर्धे पुरून ठेवण्याची रीत होती, तेव्हा तिथे झिलईचा खर्च कशाला?

बदकाचे किंवा हंसाचे मांस मिठात मुरवून, त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून भांड्यात रचत आणि वर वितळलेली चरबी ओतत. ती गोठली की हवा आत शिरत नसे व मांस काही महिने टिके; अशा मांसालाच ‘कोंफी’ म्हणतात. लोणच्यावर तेलाचा थर राखण्यामागचे तत्त्व हेच. हवाबंद डबे-बरण्या आणि पुढे शीतकपाट आल्यावर या भांड्यांची गरज संपली. आता ती शोभेसाठी विकत घेतली जातात. झिलईतील शिसे अन्नात उतरू शकते; म्हणून जुन्या भांड्यात खाद्यपदार्थ साठवू नयेत.