सकारात्मक आधारपद्धती (मिनेसोटा)

बौद्धिक वा विकासात्मक अपंगत्व असलेली व्यक्ती आक्रमक झाली किंवा स्वतःला इजा करू लागली, तर तिला बांधून वा कोंडून न ठेवता वर्तनामागचे कारण शोधून मदत करण्याची सेवापद्धती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तिला नियमांचे बळ मिळाले ते एका लाजिरवाण्या प्रकरणानंतर. केंब्रिज गावातील ‘मेटो’ या सरकारी निवासी केंद्रात रहिवाशांना धातूच्या हातकड्या व पायबेड्या घातल्या जात. राज्याच्या लोकपाल कार्यालयाने 2008 मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. 2009 मध्ये कुटुंबांनी न्यायालयात दावा लावला. 2011 मध्ये केंद्र बंद झाले व तडजोड मंजूर झाली.

पद्धतीचा गाभा निरीक्षणात आहे. एखादा माणूस रोज जेवणाच्या वेळीच ताट भिरकावत असेल, तर त्याआधी आणि त्यानंतर काय घडले याची कर्मचारी नोंद ठेवतात. कधी दाढ दुखत असते, कधी गोंगाट सोसवत नाही, कधी ‘नको’ म्हणायला शब्दच नसतात. मग दंतवैद्य, शांत कोपरा किंवा हाती दिलेले चित्रकार्ड हा उपाय ठरतो. बोलता न येणाऱ्याचे वर्तन हीच पुष्कळदा त्याची तक्रार असते. कर्मचारी अपुरे वा अप्रशिक्षित असतील, तर मात्र सारे कागदावरच राहते.

31 ऑगस्ट 2015 पासून ‘पॉझिटिव्ह सपोर्ट्स’ नियम लागू झाला. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी जखडण्यास मनाई आहे. तातडीचा शारीरिक धोका असेल तरच हातांनी धरून ठेवता येते आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो.