शिपायाचे मन आणि भरतीची वही

जुन्या लष्करी दप्तरांत माणसाची ओळख पटवण्याची एक ठरलेली रीत दिसते. मोगलांनी घोड्याला डाग दिला आणि स्वाराचा चेहरा लिहून ठेवला. पुढे इंग्रजांनी शिपायाची उंची, वर्ण, गाव, जात आणि अंगावरचा तीळ वा व्रण वहीत टिपला. बदली घोडा किंवा बदली माणूस उभा राहू नये, एवढाच त्या नोंदीचा हेतू होता. शिपायाच्या मनाचा रकाना त्या वहीत नव्हता. तो आला अलीकडे, आणि आला तोच एका प्रश्नाच्या रूपाने: 'तुम्हाला पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता काय?' या एका प्रश्नाचा इतिहास आपल्या इंदूरकरांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे.

होळकरांच्या घराण्यात मनाच्या आजाराच्या दोन हकिकती प्रसिद्ध आहेत. दोन्हींसाठी आपण मुख्यतः सर जॉन माल्कमच्या 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथावर अवलंबून असतो. पहिली हकिकत अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव यांची. 1766 मध्ये मल्हाररावांच्या पश्चात ते गादीवर आले आणि वर्षभराच्या आत वारले. माल्कमने ऐकलेली कथा अशी: मालेरावांनी संशयावरून एका कशिदेकाराला ठार केले. तो निर्दोष होता हे कळताच त्यांचे मन पश्चात्तापाने भ्रमिष्ट झाले, आणि मेलेल्याचे भूत त्यांच्या अंगात शिरले अशी सर्वांची समजूत झाली. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या बिछान्यापाशी बसून त्या भुताशी बोलत, त्याची विनवणी करत, त्याच्यासाठी देऊळ बांधण्याचे आणि त्याच्या कुटुंबाला जहागीर देण्याचे वचन देत. कथेतला भुताचा भाग आपण बाजूला ठेवू. मुलाचे दुखणे न लपवता त्याच्या उशाशी बसलेली आई तेवढी लक्षात राहते.

दुसरी हकिकत यशवंतरावांची. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव करणारा, 1804 मध्ये कर्नल मॉन्सनच्या पलटणीला मुकुंदऱ्यापासून पळता भुई थोडी करणारा हा पुरुष 1805 च्या तहानंतर माळव्यात परतला. भानपुऱ्याला त्याने तोफा ओतण्याचा कारखाना घातला आणि भट्टीपाशी स्वतः उभा राहून काम करू लागला. इंग्रजांशी पुन्हा सामना देण्याचा ध्यास, अपुरी झोप आणि मद्याचा अतिरेक यांचे वर्णन माल्कम करतो. 1808 च्या सुमारास स्मरण ढळू लागले, संताप अनावर झाला आणि अखेर त्यांना दोरांनी बांधून ठेवावे लागले. वैद्यांचे उपचार झाले, दुधावर ठेवले गेले. मधूनमधून शुद्ध येई, पण पुढे वाचाच बंद झाली. 28 ऑक्टोबर 1811 रोजी भानपुऱ्यातच त्यांचा अंत झाला.

येथे माल्कम हा तटस्थ साक्षीदार नव्हे, हे विसरून चालणार नाही. महिदपूरच्या रणांगणावर तो होळकरांच्या विरुद्ध बाजूला होता. मद्यावर त्याने दिलेला भर आजच्या वाचकाने जपूनच घ्यावा. मेंदूचा एखादा शारीरिक आजारही असू शकेल; दोनशे वर्षांनंतर निदान करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. धनी अंथरुणाला खिळलेला असताना कारभार त्याच्याच नावाने चालू राहिला आणि सूत्रे तुळसाबाई व सरदारांच्या हाती गेली. घराण्यातली फूट वाढत गेली. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह. राजधानी इंदूरला आली, महूला इंग्रजांची छावणी बसली. याचे सगळे खापर एका आजारावर फोडणे हा इतिहासाशी अन्याय होईल. पण सेनानीचे मन खचले तर काय करायचे याची कोणतीही रीत त्या काळच्या राज्ययंत्रात नव्हती, हे मात्र खरे.

ही रीत युरोपातही नव्हती. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टराने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला, तेव्हा खंदकांतून थरथरत, मुके होऊन परतणाऱ्या सैनिकांना भेकड म्हणावे की रोगी, असा वाद माजला होता. 1922 साली ब्रिटिश चौकशी समितीने अहवाल दिला. त्याचा एक निष्कर्ष असा की भरतीच्या वेळीच माणसे अधिक काळजीपूर्वक निवडावीत.  दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही चाळणी फार बारीक केली. मनाच्या कारणावरून 15 लाखांहून अधिक तरुण नाकारले गेले. तरीही रणांगणावर मन खचण्याचे प्रमाण पहिल्या महायुद्धापेक्षा वाढलेलेच आढळले, आणि 1944 मध्ये ती चाळणी सैल करावी लागली. पूर्वी औषध घेतलेला माणूस मोडतोच असे नाही, आणि कधीही न घेतलेला टिकतोच असेही नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

आपल्याकडची स्थिती आज काय आहे? महूची छावणी इंदूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर. पायदळाची शाळा, दूरसंचार महाविद्यालय आणि आर्मी वॉर कॉलेज तेथेच असल्याने रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंतच्या मराठी घरांत वर्दीचे आकर्षण पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराकडून पूर्वीच्या आजारांविषयी लेखी जबाब घेतला जातो. मानसिक आजाराचा किंवा फेफऱ्याचा पूर्वेतिहास हे अपात्रतेचे जुने कारण आहे. आणि 1950 च्या सैन्य कायद्याच्या कलम 44 नुसार भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे उघड झाल्यास लष्करी न्यायालय पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकते. म्हणजे खरे सांगावे तर दार बंद होण्याची भीती, खोटे सांगावे तर तुरुंगाची.

आता समजा, बारावीच्या वर्षी एखाद्या मुलाने झोप लागत नाही, धडधड होते म्हणून सहा महिने औषध घेतले आणि तो पूर्ण बरा झाला. चार वर्षांनी तो भरतीला उभा राहतो. घरचे सांगतात, 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' यात दुष्टपणा नाही, माया आहे. पण ती माया दोन ठिकाणी चुकते. पहिली चूक कागदाची. 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. शिपायाला मिळालेले हे मोठे संरक्षण आहे. परंतु 2019 च्या एका निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की मनाचे काही आजार भरतीच्या तपासणीत कळतच नाहीत, म्हणून हे गृहीतक तेथे आपोआप लागू होत नाही. आणि निवृत्तिवेतन नाकारले. अशा वेळी पूर्वीचे दडवलेले औषधपत्र पुढे आले तर त्या सैनिकाच्या शब्दाला काय किंमत उरेल? आजाराशी संबंध नसलेले त्याचे खरे बोलणेही मग संशयित ठरते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. नोंद होऊ नये म्हणून कित्येक घरे मुलाला डॉक्टरांकडे नेतच नाहीत. बाणगंगेच्या इस्पितळाचे नाव आपल्या गावात अजून थट्टेने घेतले जाते, आणि त्या थट्टेची किंमत एखादा सोळा वर्षांचा मुलगा मोजत असतो. नोंद नाही म्हणजे आजार नाही असे होत नाही.

कायदा बदलला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 मध्ये अमलात आला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याने दिला; आणि पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज किंवा उद्या माणूस मनोरुग्ण ठरत नाही, असेही स्पष्ट लिहिले. भरतीचे नियम मात्र अजून जुन्याच वळणाचे आहेत. शस्त्र हाती देताना सैन्याने विचारावे, यात गैर काही नाही. त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या जवानाचा जीवही त्या उत्तरावर अवलंबून असतो. पण 'कधी झाले होते काय' यापेक्षा 'आज कसे आहे, आणि किती काळ स्थिर आहे' हा प्रश्न जास्त उपयोगाचा. खरे बोलणाऱ्याला तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची संधी मिळाली, तरच खरे बोलणे परवडेल.

तोवर घरच्यांनी काय करावे? उपचार लांबवू नयेत. कागद जपून ठेवावेत, बरे झाल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे, उत्तर खरे द्यावे, आणि अपात्र ठरवल्यास अपील वैद्यकीय मंडळाकडे जाण्याचा मार्ग वापरावा. एवढे करूनही दार बंद झाले तर दुःख होईल. पण ते सत्याचे दुःख असेल, वर्षानुवर्षांच्या धास्तीचे नव्हे.

भानपुऱ्याला यशवंतरावांची छत्री आहे. तेथे गेलेला इंदूरकर हडपसर आठवतो, मुकुंदरा आठवतो. शेवटची तीन वर्षे तो सहसा आठवत नाही. जणू ती आठवल्याने शूराचे शौर्य उणे होईल. तसे होत नाही. भट्टीपाशी तोफ ओतणारा आणि दोरांत बांधलेला, दोघेही यशवंतरावच होते.