कामगार कुणाचा?

गणवेशावर एजन्सीचं नाव, काम सांगणारा साहेब मात्र कंपनीचा. कंत्राट बदललं की गणवेशाचा रंग बदलतो, ओळखपत्र नवं मिळतं, रुजू झाल्याची तारीखही नवी पडते. बाई मात्र त्याच मजल्यावर तीच फरशी पुसत असते. मग ती एजन्सीची की कंपनीची?

पूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत माणसं आणायचा मुकादम. तोच कामाला लावायचा, दस्तुरी म्हणजे आपली दलाली घ्यायचा, मर्जी फिरली की घरी बसवायचा. 1931 साली कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगाने भरती त्याच्या हातून काढून घ्यायला सांगितलं. तरीही मुकादमाने आणलेला कामगार गिरणीचाच समजला जाई. मधल्या माणसाने मालकाची जागा घेतली ती कंत्राटात.

या कंत्राटाला पहिला मोठा धक्का मुंबईतल्याच स्टॅनव्हॅकच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून बसला. तिथली साफसफाई कंत्राटदाराची माणसं करत. कायम कामगारांना मिळणाऱ्या सवलती त्यांना नव्हत्या, आणि कंत्राट संपलं की नोकरीचीही खात्री नव्हती. त्यांच्यासाठी भांडले ते कंपनीचे कायम कामगार. मला या खटल्यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने कंत्राट खरं असल्याचं मान्य केलं आणि तरीही ते बंद करण्याचा आदेश कायम ठेवला. काम बारमाही आहे, कारखाना चालायला आवश्यक आहे, पूर्णवेळ माणसं लागतील एवढं आहे आणि इतरत्र ते कायम कामगारच करतात, मग इथे कंत्राट कशाला, असा साधा विचार त्यामागे होता.

हेच निकष 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात उतरले. बंदी घालायची की नाही हे ठरवणं मात्र सरकारच्या हाती गेलं. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हीही तरतूद झाली. महाराष्ट्राने त्याच्या आदल्याच वर्षी माथाडी कायदा करून वेगळी वाट काढली होती: हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरीही मंडळामार्फत. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीची ही कमाई अजून पुरेशी ओळखली गेलेली नाही.

1970 च्या कायद्याखाली केंद्र सरकारने 1976 साली सफाईच्या कंत्राटांवर बंदी घातली. त्या आधारावर 1996 साली एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कंत्राटावर बंदी आली की कामगार मूळ मालकाचा. पाच वर्षांनी, 2001 साली, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ते फिरवलं गेलं. तेव्हापासून कामगाराने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे कंत्राट बनावट असल्याचं सिद्ध करायचं. हे किती जड आहे, ते मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्यांना विचारावं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढून 2014 साली न्यायाधिकरणाचा निकाल मिळवला. 2,700 कामगारांच्या कायम नोकरीवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उठायला 2017 उजाडलं.

1970 च्या कायद्याची जागा घेणारी 2020 ची कामगार-सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. ती विचारते, हे काम आस्थापनेचं मुख्य काम आहे का? सफाई, पहारा, कॅन्टीन हाच आस्थापनेचा धंदा नसेल तर ही कामं मुख्य धरली जात नाहीत, मग ती वर्षाचे बारा महिने चालोत. ज्या सफाईकामामुळे 1960 साली कंत्राट मोडलं, तेच काम आता कंत्राटासाठी मोकळं आहे. ही सुधारणा नाही, माघार आहे.