वर्तमानपत्रातलं पत्र

गणपतीला वाहतो ती पत्री, पंगतीत मांडतो ती पत्रावळ, छपरावरचा पत्रा आणि सकाळी दारात येऊन पडणारं वर्तमानपत्र, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पान. ताडाच्या पानांवर लिहिणं सुरू झालं आणि लिहिलेल्या मजकुरालाच पत्र म्हणू लागले. पुढे पानाची जागा कागदानं घेतली, नाव मात्र तेच राहिलं.

छापील बातम्यांसाठी गुजरातीनं 'छापुं' हा शब्द घेतला, म्हणजे छापखान्यावरून नाव ठेवलं. मराठीनं छापखान्याकडे पाहिलं नाही, टपालाकडे पाहिलं. मराठेशाहीतल्या पत्रांत 'वर्तमान' म्हणजे बातमी. इकडील वर्तमान असं असं आहे, तिकडील लिहून पाठवावं, असं कारकून लिहीत. ज्या पत्रातून वर्तमान कळतं ते वर्तमानपत्र. म्हणजे शब्द जुळवायला नवं काही आणावंच लागलं नाही, दोन्ही शब्द दप्तरात होतेच.

त्या काळी बातमीची किंमत पत्र कोणी लिहिलं यावर ठरे. पानिपतचं वर्तमान नानासाहेब पेशव्यांना कळलं ते जानेवारी १७६१ मध्ये, माळव्यात भिलशाजवळ, उत्तरेकडे कुमक घेऊन जाताना. ते कोणा सरदारानं पाठवलेलं नव्हतं. एका सावकारी पेढीचं पत्र जासूद घेऊन चालला होता, ते वाटेत फोडलं गेलं. आत हिशेबाची भाषा होती: दोन मोती गेले, काही मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर मोजदादच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे पडलेलं सैन्य. व्यापाऱ्याला खोटं लिहून चालत नाही, त्याचं भांडवल बुडतं. त्यामुळेच त्या चार ओळींचा घाव एवढा खोल बसला असावा.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. बाळशास्त्री जांभेकरांनी एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी मजकूर अशी त्याची मांडणी ठेवली. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळतात तो यासाठीच. पण वर्तमानपत्रातलं 'पत्र' खऱ्या अर्थानं फुललं ते भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावानं त्यांनी या साप्ताहिकाला पत्रं लिहायला घेतली. विधवांचे हाल, अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी, ब्राह्मणांचा आळस आणि अहंकार असे त्यांचे विषय. ती पत्रं १०८ झाली, 'शतपत्रे' म्हणून आपण ती ओळखतो. मराठी वैचारिक गद्याचा एवढा मोठा ऐवज पत्राच्या रूपात यावा हे मला फार मोलाचं वाटतं. निबंधात माणूस मोघम बोलू शकतो. पत्रात समोर कोणीतरी असतं आणि ते उत्तर देणार हे ठाऊक असतं.

संपादकाला तेव्हा 'पत्रकर्ते' म्हणत. केसरीकर्ते, सुधारककर्ते असा उल्लेख असे. 'कर्ता' या शब्दात जबाबदारी आहे, आणि ती नुसती बोलण्यापुरती नव्हती. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या १९०८ च्या अग्रलेखांबद्दल केसरीकर्त्या टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. पुढे 'कर्ते' मागे पडलं, 'पत्रकार' रुळला. अर्थही रुंदावला: पत्रकर्ता हा पत्र चालवणारा, पत्रकार मात्र तालुक्याचा बातमीदारही.

परगावाहून लिहून पाठवण्याची चाल वर्तमानपत्रांनी पुढेही चालू ठेवली. १९०६ नंतर सावरकर लंडनहून 'विहारी' आणि 'केसरी'कडे जे लिहून पाठवत त्याला बातमीपत्रंच म्हणत. दिल्लीचं वार्तापत्र हे सदर त्याच वळणाचं. बातमी दोन ओळींची असली तरी वार्तापत्रात लिहिणारा दिसतो, तिथली हवा दिसते, म्हणून ते वेगळं वाचावंसं वाटतं.

एक 'क' लागला की मात्र सगळं पालटतं. पत्रक कोणा एकाला लिहिलेलं नसतं. पक्ष पत्रक काढतो, संघटना पत्रक काढते, कार्यालयात प्रसिद्धिपत्रकांचा ढीग साचतो आणि संध्याकाळी घाईत त्यातलंच एखादं वरची ओळ बदलून बातमी म्हणून जातं. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण पत्रकाला उलट प्रश्न विचारणं हेच तर बातमीदाराचं काम. 'मुखपत्र' निदान आपण कोणाचं तोंड आहोत हे उघड सांगतं.

मासिकांच्या जगात पत्र छापील पानाबाहेरच राहिलं, पण त्याचा दरारा मोठा. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तोवर तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल सविस्तर लिहून कळवत: अमुक प्रसंग सैल आहे, शेवट पुन्हा पाहा. कथा परत आली तरी सोबतचं पत्र लेखक जपून ठेवत.

दैनिकांत वाचकांच्या पत्रांना स्वतंत्र घर मिळालं. 'लोकसत्ता'त ते 'लोकमानस', 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये 'बहुतांची अंतरे'. पोस्टकार्डाची जागा आता ईमेलनं घेतली आहे, तरी पत्राखाली नाव आणि गाव छापलं जातं.